मैमूनाच्या कोटाची कॉलर

जबाब
पोलीस ठाणे डोहाळा फाटा
दिनांक १३ ऑक्टोबर २०२५, वार सोमवार, दुपारी १२ वाजून १० मिनिटे

नाव नंदाबाई काकासाहेब उढाण, वय ५२ वर्षे, धंदा शेती व कापसाच्या सीड प्लॉटवर बायांची मुकादम, राहणार मौजे वडाचीवस्ती, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. शिक्षण सातवी पास. सही येते. हवालदारांनी न विचारताच अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं सरकवला होता, तो मी परत सरकवला.

मी आपल्या पायानं ठाण्यात येऊन, पोलीस उपनिरीक्षक शीतल तांगडे मॅडम यांच्या समोर बसून सांगते की, माझं सांगणं मच्छिंद्र हवालदार लिहून घेत आहेत. बाई बोलते तसंच लिहा, इस्त्री करू नका, असं मॅडमनी त्यांना सांगितलं आहे. हवालदारांना ते आवडलेलं न्हाई. तेबी लिहा म्हणलं, तर मॅडमकडं पाहून लिहिलं.

माझे मालक काकासाहेब नऊ वर्षांपूर्वी वारले. मला एक मुलगा भागवत, तो बदनापूरला नोकरीला आहे. धाकटे दीर सर्जेराव उढाण यांनी एका बियाणे कंपनीचा दीड एकराचा कापसाचा सीड प्लॉट घेतला आहे. मालक गेल्यावर त्यांनीच मला म्हणलं, वहिनी, घरात बसून रडू नका, प्लॉटवरच्या बाया तुम्ही सांभाळा. तेव्हापासून मी आठ बायांची मुकादमकी करते. त्यांचे ते उपकार आहेत आणि ते मी नाकारत न्हाई.

आमचं काम असं असतं. दुपारच्याला मादीची कळी सोलायची, म्हणजे तिच्यातला नर नखानं काढून टाकायचा, आणि वर लाल कागदाची पुडी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचं फूल आणून त्याचे पराग तिला लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे हे बोंड बराबर क्रॉसिंगचं आहे अशी खूण. मधी परक्या झाडाचा एक कण जरी आला तरी बी खराब. कंपनीची पोरं नंतर रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा चिमट्यानं उचलून नेतात आणि लॅबमधून सांगतात की ह्याचा बाप दुसराच हाय. म्हणून दिसत नसलं तरी हाताचं बाहीला आणि बाहीचं फुलाला लागत असतं, हे माझ्याकडं नवीन आलेल्या बाईला पहिल्या दिवशी कळतं. हवालदारांची नोकरी चोवीस वर्षं झाली म्हणे.

मैमूना गयासोद्दीन शेख, वय ३४, ही माझ्याकडं सहा वर्षं कामाला आहे. तिचा नवरा गयासोद्दीन घनसावंगी ते जालना काळी-पिवळी जीप चालवतो. १५ सप्टेंबर, सोमवारी कंपनीचा तपासणीवाला प्लॉटवर आला होता. कॅनॉलच्या बाजूच्या चार ओळींत दोरे बांधलेले होते, पण कळ्या सोललेल्याच नव्हत्या, म्हणजे फसवणूक होती. ती मैमूनानं त्याला दाखवली. मला आधी विचारलं होतं, मी म्हणलं, दाखव. प्रत्येक बाईची गाठ मी ओळखते. त्या गाठी माझ्या एकाबी बाईच्या नव्हत्या. त्यानं चार ओळी रद्द केल्या आणि पुन्हा असं दिसलं तर सगळा प्लॉट जाईल म्हणून सांगून गेला. सकाळी बायांच्या आधी प्लॉटवर कोण असतं, असं हवालदारांनी आत्ता लिहिता लिहिता मला विचारलं. मी म्हणलं, थांबा, पुढं येतंय.

१८ सप्टेंबर, गुरुवारी सकाळी साडेसातला मी बायांना कंपनीचे नवे कोट वाटले. पांढरे, लांब बाह्यांचे, उभ्या कॉलरचे. सीलबंद पाकिटं मीच फोडली. त्याच्या आधी ते कुणी अंगावर घातले नव्हते. ऊन फार होतं म्हणून मैमूनानं तिची हिरवी ओढणी कॅनॉलच्या पाण्यात भिजवून गळ्यात घेतली आणि त्यावरून कोट घातला.

साडेदहाच्या सुमाराला मैमूना फुलं तोडायला नराच्या पट्ट्यात गेली. तिथली झाडं डोक्याइतकी आहेत आणि शेजारच्या रानात फवारणीचा पंप चालू होता. अकरा वाजले तरी ती आली न्हाई. मी दोन हाका मारल्या आणि गेले. ती पालथी पडलेली होती. ओढणीला मागून पीळ देऊन गळा आवळला होता. कोटाची कॉलर मागच्या बाजूनं मुठीत धरून चुरगाळलेली, कानापर्यंत ओढलेली होती. आधी एका हातानं कॉलर धरली असंल आणि दुसऱ्या हातानं पीळ दिला असंल, असं मला वाटलं. श्वास चालू होता.

मी ओढणीचं टोक चिमटीत धरून सोडवली आणि बाजूच्या झाडावर टाकली. कोटाची बटणं काढली, खालच्या कडेला धरून कोट बाह्यांतून उलटा काढला. बाया रडाय लागल्या. मी म्हणलं, रडा, बिलकुल रडा, पण कशाला हात लावू नका. रस्त्यावरची जीप थांबवून एका बाईसंगं तिला जालन्याला दवाखान्यात पाठवलं. मी संगं गेले न्हाई. ती जीपमधून माझ्याकडं हात करून राह्यली होती. तिथली जागा सोडली तर गाव येऊन तुडवून जाईल म्हणून मी उन्हात उभी राह्यले. माझं त्यावेळी बरोबर होतं असं मी स्वतःला सांगते, पण तो हात डोळ्यांपुढून जात न्हाई.

दुपारी सव्वादोनला मच्छिंद्र हवालदार मोटारसायकलवर आले. झाडावरची ओढणी उघड्या हातानं उचलली. नाकाला लावून वास घेतला. कशाचा वास घेतला ते त्यांनाच माहीत. मंग, ही ओढणी तिचीच का, हे ठरवायला ती सहा बायांच्या हातात एकीकडून दुसरीकडं दिली. सहाजणी, तिचीच, तिचीच, म्हणाल्या. मी सातवी. मी हात मागं घेतला आणि म्हणलं, हवालदार, ही लांबून हिरवी दिसून राह्यली, हातात कशाला पाहिजे? ते म्हणाले, मावशी, पंचनामा आम्ही करतो, तुम्ही कापूस करा.

मंग त्यांनी ती ओली ओढणी प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये घातली. फाट्यावरच्या हॉटेलातून तिच्यात भजी आणली होती, तेल तसंच होतं. तोंडाला गाठ मारून मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. मी म्हणलं, ओलं कापड प्लास्टिकात बांधलं तर दोन दिवसांत बुरशी येते, आमचं ओलं बी असं ठेवलं तर फेकून द्यावं लागतं, कागदात घ्या, सावलीत वाळवा. ते म्हणाले, हे बी न्हाई, मुद्देमाल हाय. एवढं बोलून बांधावर बसून चहा प्यायले. चहा माझ्याच बाईनं केला होता.

मी त्यांना कोट दाखवला. कोटाची कॉलर हातानं धरलेली हाय, ज्यानं धरली त्याच्या हाताचं कायतरी तिथं लागलेलं हाय, हा घ्या, पण प्लास्टिकात घालू नका, असं सांगितलं. त्यावर हवालदार म्हणाले, ह्याच्यावर रक्त कुठंय? डीएनए रक्तातून निघतं, कॉलरमधून न्हाई. फाटलेलाबी न्हाई. चांगला कोट हाय, धुऊन वापरा. हे शब्द त्यांचेच आहेत. आत्ता ते म्हणतात, मी असं बोललो न्हाई. सहा बाया साक्षीला आहेत, आणि त्यांच्या हातांची ओळखपरेड हवालदारांनी आधीच करून घेतलेली आहे.

त्याच संध्याकाळी गयासोद्दीनला धरून नेलं. कारण काय, तर आदल्या दिवशी घनसावंगीच्या जीप स्टँडवर नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, चारजणांनी ऐकलं. तो तिला म्हणत होता, त्या प्लॉटवर जाऊ नको, तुझं तोंड तुला भारी पडंल. बायकोच्या जिवाला भिणारा माणूस हवालदारांना बायकोच्या जिवावर उठलेला वाटला. मी मारलं न्हाई, मी साडेदहाला जीप घेऊन जालन्याच्या वाटेवर होतो, असं तो सांगत होता. काळी-पिवळीत तिकीट नसतं. पॅसेंजर कोण होते ते सांग म्हणले. तेरा माणसं कोंबलेल्या जीपमध्ये कुणाचं नाव कोण विचारतं? मैमूनाचा आठ दिवस आवाजच फुटला न्हाई. फुटल्यावर ती पहिलं हेच म्हणाली, गळा आवळणारा माझा माणूस नव्हता, त्याचा हात मी अंधारातबी ओळखीन. त्यावर तिला सांगण्यात आलं की बायका नवऱ्याला वाचवत असतात.

कोट मी घरी नेला. हात साबणानं धुऊन, क्रॉसिंगचा चिमटा स्पिरिटनं पुसून, खालच्या कडेला धरून बियाण्याच्या खोलीत दोरीवर टाकला. खिडकी बंद ठेवली, उन्हात टाकला न्हाई. पंखाबी लावला न्हाई, घरातली धूळ उडून त्याच्यावर नको. कॉलर कशाला टेकू दिली न्हाई. दुसऱ्या दिवशी कोरडा झाल्यावर घडीच्या मधी कोरा कागद घालून कंपनीच्या नव्या कागदी पिशवीत ठेवला. तोंड शिवलं. सुईत दोरा ओवताना आम्हाला तोंडात घालून ओला करायची सवय असते, ती मी त्या दिवशी मोडली, कात्रीनं टोक तिरपं कापून ओवला. पिशवीवर तारीख, वेळ आणि ज्यांचा हात लागला त्यांची नावं लिहिली. नावं दोनच होती, मैमूना आणि नंदाबाई. तिसरं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली.

१९ तारखेला सकाळी सर्जेराव माझ्या दारात आले. म्हणाले, वहिनी, त्या पोरीचा कोट तुमच्याकडं हाय का? मी म्हणलं, हाय. ते म्हणाले, कशाला अपशकुनी वस्तू घरात ठेवता? २१ तारखेला माझी जाऊ बादली घेऊन आली. द्या ताई, मी धुऊन आणते, म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत तिनं माझा रुमाल कधी धुतलेला न्हाई. २४ तारखेला सर्जेराव पुन्हा आले आणि खाटेवर बसले. म्हणाले, कोट कंपनीला परत द्यायचाय, सगळे कोट मोजून मागतेत. बाकीचे सात कोट बायांच्या अंगावर होते. मी कंपनीला फोन केला. त्यांनी कोट मागितलेलेच नव्हते. मी सर्जेरावांना म्हणलं, कोट उंदरांनी खाल्ला. ते चहा न पिता गेले.

हे सगळं मी तेव्हा पोलिसांना सांगितलं न्हाई.

ती ओढणी अकरा दिवस ह्या ठाण्यात त्याच कॅरीबॅगमध्ये खिळ्याला टांगलेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण गयासोद्दीनचा डबा द्यायला मी इथं आल्ते. पिशवीला आतून घाम सुटला होता. मी दाखवलं तर ठाण्यातलं कुणीतरी म्हणालं, मावशी, लॅबवाल्यांकडं मशिन असतात, ते बघून घेतील. ९ ऑक्टोबरला पार्सल परत आलं. कापड ओलं, बुरशी आलेली, चुकीच्या पिशवीत, तपासणीला घेता येत न्हाई, असं पत्र संगं होतं. ते मॅडमनी मला आज वाचून दाखवलं. मॅडम इथं बदलून येऊन चारच दिवस झाले आहेत, त्यांचा यात दोष न्हाई. हवालदारांचं म्हणणं असं की लॅबवाले नखरे करतात. वाळलेल्या कोटात डीएनए नसतं आणि सडलेल्या ओढणीत असतं, हे शास्त्र त्यांनी कुठल्या शाळेत शिकलं ते मला कळलं न्हाई.

११ तारखेला, शनिवारी मैमूना माझ्याकडं आली. ती सध्या परतूरला माहेरी असते. आवाज अजून घोगरा आहे, गळ्याला हात धरून बोलते. ती म्हणाली, "नंदाक्का, ते पार्सल वापस आलं म्हणे. मंग आता माझा माणूस जेलात तसाच सडंल का?"

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

ती म्हणाली, "कोट हाय न तुमच्याकडं? बराबर ठेवलाय न?"

मी म्हणलं, "हाय. बराबर ठेवलाय."

ती म्हणाली, "मंग तुम्ही कशाची वाट पाहून राह्यल्या?"

ती भांडली न्हाई, रडली न्हाई. पाणीबी न पिता एसटीला निघून गेली.

आज रोजी तो कोट मी शिवलेल्या कागदी पिशवीत घेऊन आले आहे. मच्छिंद्र हवालदार पिशवी उचलायला आले तेव्हा मी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणलं, आधी हात धुवा आणि हातमोजे घाला. ठाण्यात हातमोजे न्हाईत असं ते म्हणाले. मॅडमनी समोरच्या मेडिकलमधून डबी मागवली. पिशवी मॅडमनी हातमोजे घालून घेतली, न उघडता दुसऱ्या कागदी पाकिटात घातली, पंचांसमोर लाख लावून सील केली. माझ्या पिशवीवर शिलाई शाबूत आहे आणि माझी सही आहे, हे त्यांनी पंचनाम्यात घेतलं. हे चालू असताना हवालदार या जबाबाचं पान उलटायला बोट जिभेला लावत होते. मी टेबल मागं ओढून घेतला. मॅडमनी त्यांना ओल्या स्पंजची डबी दिली.

मॅडमनी मला समजावून सांगितलं की, कॉलरवर आणखी कुणाचं मिळालं तर जुळवून पाहायला नमुने लागतील. ज्यांचा हात लागला ते आधी बाजूला काढायचे. माझा आणि मैमूनाचा नमुना घ्यायचा. गयासोद्दीनचाबी घ्यायचा. बायकोच्या अंगावर नवऱ्याचं सापडलं म्हणजे तोच गुन्हेगार असं होत न्हाई, पण तिथं दुसऱ्या माणसाचं सापडलं तर त्यानं उत्तर द्यावं लागंल. हवालदारांचाबी नमुना घ्यावा असं मी म्हणलं. हवालदार म्हणाले, माझा कशाला, मी कोटाला हातबी लावला न्हाई. लावला न्हाई हेच त्यांनी या सगळ्या प्रकरणात केलेलं एकमेव चांगलं काम आहे.

मॅडमनी असंबी सांगितलं की, हाताचं लागलेलं फार थोडं असतं. कधी कधी त्यातून माणूस कळत न्हाई, फक्त बापाकडून चालत आलेला वंश कळतो, आणि तो काका-पुतण्याचा, भावा-भावाचा सारखाच निघतो. हे मला लगेच कळलं. एका नराचं बी कितीबी ओळींत लावा, नर तोच निघणार. म्हणून मी मुलगा भागवत याला बोलावून घेतलं आहे. तो बाहेर बाकड्यावर बसला आहे. १८ सप्टेंबरला तो बदनापूरला कामावर होता, तिथं मशिनवर अंगठा लावून हजेरी होते, ती आणून देतो. त्याचा नमुना आजच घ्या, म्हणजे उद्या कुणी वंशाच्या नावाखाली माझ्या पोराकडं बोट दाखवणार न्हाई. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. मंग म्हणाला, आई, यंदा दिवाळीला काकाकडं जायचं न्हाई का मंग? मी म्हणलं, न्हाई. तो म्हणाला, बरं, मी येतो.

तुमचा कुणावर संशय आहे का, असं मॅडमनी मला विचारलं. हवालदारांनी मी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकलं, अनोळखी इसम. ते मी खोडायला लावलं. माझा संशय माझे सख्खे दीर सर्जेराव उढाण यांच्यावर आहे. बायांच्या आधी सकाळी प्लॉटवर तेच असतात. कॅनॉलच्या बाजूच्या दोऱ्यांना गाठ त्यांची होती. ती गाठ मी ओळखते, कारण माझे मालकबी तशीच मारायचे, दोघांना त्यांच्या वडलांनी शिकवलेली. १५ तारखेला चार ओळी गेल्या तेव्हाच मला कळलं होतं. १९ तारखेला ते दारात येऊन कोट विचारून गेले तेव्हा तर काही बाकीच राह्यलं न्हाई.

तरीबी मी बोलले न्हाई. ओढणी लॅबला जाईल, ओढणीतूनच निघंल, मंग नंदाबाईला आपल्या घरातल्या माणसाचं नाव घ्यायची पाळी येणार न्हाई, असं मी धरून चालले. मैमूना मला हेच विचारत होती. हवालदारांना काय कळत न्हाई म्हणून मी त्यांना इतका वेळ बोलले, आणि त्यातला एक शब्दबी मागं घेत न्हाई. पण त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं. कोट मी धुळीपासून जपला, उन्हापासून जपला, जावेच्या बादलीपासून जपला, आणि गयासोद्दीन इथं आत होता तेव्हा त्याचा डबा हातात घेऊन ह्याच ठाण्यात येऊन, तोंड न उघडता घरी जात होते. मला माझी लाज वाटते. हेबी जसंच्या तसं लिहा. हवालदार लिहायला थांबले होते, त्यांनी लिहिलं.

वरचा सगळा मजकूर तांगडे मॅडमनी हवालदारांच्या हातून कागद घेऊन मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'अनोळखी इसम' आणखी दोन ठिकाणी निघालं, तिथं सर्जेराव उढाण असं लिहून घेतलं. मी बोलले तेच यात आहे, कुणी शिकवलेलं न्हाई, कुणी दाबलेलं न्हाई. पोलिसांपुढच्या जबाबाला कायद्यानं सही लागत नसते असं मला सांगण्यात आलं. जबाब पंचवीस दिवस उशिरा दिला तेवढं चूक आहे, बाकी सगळं बरोबर आहे.